कोंडी आणि स्टेलमेट : एका नियमाची पार्श्वभूमी

वाटाघाटी अडल्या की मराठी वृत्तपत्रे ‘कोंडी’ लिहितात, त्याच जागी इंग्रजी वृत्तपत्रे ‘स्टेलमेट’ लिहितात, आणि मग बुद्धिबळाच्या पटावरच्या स्टेलमेटलाही कोंडीच म्हटले जाते. शब्दांचा हा गुंता साधा नाही. वाटाघाटींत दोन्ही बाजू अडलेल्या असतात, तरी बोलणी चालूच राहतात आणि कोंडी आज ना उद्या फुटू शकते. पटावर अडतो तो एकच खेळाडू, तोही शह नसताना: त्याला एकही खेळी उरत नाही, आणि त्याच क्षणी डाव बरोबरीत संपतो. काळा राजा ए-८ या कोपऱ्यातल्या घरात एकटा आहे, पांढरा वजीर बी-६ वर येऊन बसला आहे आणि खेळी काळ्याची आहे, असे समजा. राजाला शह नाही, पण आजूबाजूची तिन्ही घरे वजिराच्या माऱ्यात आहेत. वजिराएवढे बळ जादा असूनही पांढऱ्याच्या पदरी अर्धाच गुण पडतो. याला कोंडी म्हणणे चूक नाही. मात्र ती न फुटणारी कोंडी आहे.

हा अर्धा गुण पहिल्यापासून ठरलेला नव्हता. अरबी शतरंजमध्ये प्रतिपक्षाची अशी कोंडी करणारा सहसा जिंकत असे. याउलट सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये कोंडी करणाराच हरला असे मानत, आणि हा नियम आज विचित्रच वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये बरोबरीचा नियम स्वीकारला गेला आणि पुढे तोच सर्वमान्य झाला.

वाद मात्र मिटलेला नाही. कोंडी करणाऱ्याला अर्ध्याहून अधिक गुण द्यावेत, अशी सूचना विसाव्या शतकात एका माजी जगज्जेत्यानेही केली होती. ती वरवर न्याय्य दिसते. पण राजा आणि एकच प्यादे विरुद्ध एकटा राजा या अंत्यडावातला बचाव बऱ्याच अंशी स्टेलमेटवर उभा आहे, आणि तो काढून घेतला तर एका प्याद्याची आघाडीही बहुधा विजयाला पुरेल. नियम आहे तसाच राहावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू त्यामुळे अधिक भक्कम वाटते.

दोन्ही अर्थ एकत्र आले ते १९७८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत. खेळाडूंमध्ये बोलणेच उरले नव्हते, त्यामुळे पाचव्या डावात बरोबरीचा प्रस्ताव देण्याऐवजी आव्हानवीराने १२४ व्या खेळीला प्रतिस्पर्ध्याला जाणूनबुजून स्टेलमेट दिला.