काइमिश्कास: 'गावरान' म्हणवणाऱ्या लिथुआनियन लागरची पार्श्वभूमी

'गावरान' हा शब्द लेबलवर दिसला की आपला हात पुढे जातो आणि मनात पालही चुकचुकते. अंडी खरंच गावरान, की पोल्ट्रीतलीच, फक्त सालीचा रंग वेगळा? लिथुआनियात बिअरच्या बाबतीत हीच गंमत 'काइमिश्कास' या शब्दाने केली आहे. 'काइमास' म्हणजे गाव, 'आलुस' म्हणजे बिअर. 'काइमिश्कास आलुस' म्हणजे गावाकडची बिअर. या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी काही चक्क लागर असतात. गोम इथेच आहे, कारण तिथल्या शेतकऱ्याच्या घरची जुनी बिअर लागर नव्हतीच.

लागर हा मूळ जर्मन शब्द. अर्थ कोठार, साठवण. थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट घालायचं आणि मग बिअर कित्येक आठवडे गार तळघरात मुरू द्यायची. शेतकऱ्याची बिअर म्हणजे याच्या नेमकी उलट. धान्याच्या कोमट रसात यीस्ट पडलं की दोन-तीन दिवसांत खळबळून आंबायचं आणि पिंप लग्नात, मर्तिकाला किंवा कापणीला जमलेल्या माणसांसाठी उघडलं जायचं. एकमेकांच्या शेतावर फुकट राबण्याच्या प्रथेला लिथुआनियात 'ताल्का' म्हणतात. आपली इर्जिकच ती. इर्जिकीला जेवण हवं, तशी ताल्काला बिअर हवी.

या बिअरचं माहेर म्हणजे देशाचा ईशान्य भाग, औक्श्ताइतिया. त्यातही बिर्झाइ, पास्वालिस, कुपिश्किस, पानेवेझिस हा पट्टा. सातू (बार्ली) उत्तम पिकतो आणि बिअरला कडसरपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचे वेल कुंपणावर चढतात. धान्याला लिथुआनियन भाषेत 'यावाइ' म्हणतात. संस्कृतातला 'यव' आणि आपला 'जव' याच कुळातले. मधाला तिथे 'मेदुस' म्हणतात. या दोन शब्दांपुरतं तरी औक्श्ताइतिया आपल्याला फार परकं वाटू नये.

घरच्या बिअरची कृती बघितली की कारखाना किती वेगळा आहे ते कळतं. मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे माल्ट, जाडसर भरडायचा, गरम पाण्यात कालवून त्याची लापशी करायची. लाकडी टबाच्या तळाशी पेंढा अंथरून त्यातून ती गाळायची. खाली उतरलेला गोड रस बऱ्याच घरांत उकळतच नसत. हॉप्सचा काढा वेगळ्या भांड्यात करून त्यात ओतत. एवढा रस मावेल असं धातूचं भांडं पूर्वी प्रत्येक घरात कुठून असणार! पण ही अडचणच चवीची धनी झाली. उकळी न लागल्यामुळे धान्यातली प्रथिनं बिअरमध्येच राहतात. ती गढूळ, जिभेला जाडसर आणि वासाला ओल्या पावासारखी लागते. तोटा एकच, पण मोठा: ती टिकत नाही.

'केप्तीनिस' हा प्रकार तर आणखी पुढचा. नावाचा अर्थच 'भाजलेली'. इथे घट्ट कालवलेल्या लापशीचे पावासारखे गोळे करून ते पाव भाजायच्या भट्टीत ठेवतात. काही तासांनी बाहेर येतात तेव्हा वरचा थर काळपट आणि भेगाळलेला असतो, आतला गाभा अजून मऊ. मग ते गोळे टबात फोडायचे आणि त्यावर गरम पाणी ओतायचं. वाफेबरोबर करपत आलेल्या साखरेचा वास उठतो आणि फिक्या सातूचं पाणी तपकिरी होतं. बिअरला रंग आणायला वेगळा भाजका माल्ट लागत नाही. भट्टीच ते काम करते.

यीस्ट घरचंच, किंवा विरजण मागावं तसं शेजाऱ्याकडून आणलेलं. विरजण हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. लिथुआनियन 'राउगास' म्हणजे आंबवायला घालतात ते, आणि यान वासित्स्की या पोलिश लेखकाच्या 1615 साली छापलेल्या ग्रंथात सामोगितियातल्या, म्हणजे पश्चिम लिथुआनियातल्या, जुन्या देवतांच्या यादीत आंबवण्याची जी देवता येते तिच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे. ज्या समाजाने विरजणासाठी वेगळा देव नेमला, त्याला बिअरचं महत्त्व पटवून द्यायला नको.

लागर आली ती शहरांच्या वाटेने. क्लाइपेदा शहर प्रशियाच्या ताब्यात असताना 1784 मध्ये तिथे जो बिअरचा कारखाना निघाला, तोच आजचा श्वीतुरीस. काउनासमध्ये वोल्फचा कारखाना 1853 चा. तळाशी बसणाऱ्या यीस्टची बिअर, म्हणजेच लागर, एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली, 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सनने लागरचं शुद्ध यीस्ट वेगळं काढलं, आणि दर पिंपाला तीच चव देणं कारखान्यांना जमू लागलं. गावरान बिअरच्या ऐन मुलखात, पानेवेझिसमध्ये, 1902 मध्ये 'बेर्गश्लोशेन' नावाचा जर्मन धाटणीचा कारखाना उभा राहिला. डोंगरावरचा छोटा किल्ला, असा त्या नावाचा अर्थ. पुढे त्याचंच लिथुआनियन भाषांतर झालं: काल्नापिलिस. श्वीतुरीस आता खुद्द कार्ल्सबर्गकडे आहे, हाही एक योगायोगच.

सोव्हिएत काळात कारखाने सरकारी झाले आणि 'झिगुली' नावाची एकसाची बिअर सगळीकडे गेली. खाजगी धंद्याला वाव उरला नाही, पण घरच्या लग्नाची बिअर काही थांबली नाही. 11 मार्च 1990 ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ही घरची विद्या दुकानात आली. बिर्झाइजवळचा रिंकुश्कियाई हा कारखाना 1991 चा. पाक्रुओयिस भागातल्या योवाराइ गावच्या आल्दोना उद्रिएने यांचं नाव तर बिअरच्या जगात आदराने घेतलं जातं. त्यांच्या घरचं यीस्ट आज 'योवारू' या नावाने एका अमेरिकन यीस्ट-उत्पादकाच्या यादीत आहे.

गावाकडचा माल शहरातल्या फळीवर ठेवायचा तर तो टिकायला हवा. मग कुणी रस उकळू लागला, कुणी बिअर गाळू लागला, कुणी सरळ लागरचं यीस्ट घेतलं. 'काइमिश्कास' लागर जन्मली ती या तडजोडीतून. माझ्या मते तिला खोटी म्हणणं अन्याय आहे. सातूचा पावासारखा गोडवा, हॉप्सचा हात आखडता, गढूळपणा राखलेला, असे गावाचे बरेच गुण ती सांभाळते. पण ती शतकानुशतकांची जशीच्या तशी परंपरा आहे, असं लेबल सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

ती प्यायची कशी, हे या इतिहासावरूनच ठरतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. बर्फगार केलीत की धान्याची चव मरते. 8 ते 10 अंशांवर, म्हणजे गार तळघराच्या तापमानाला, ती बोलू लागते. फेस लवकर बसला तर बिअर शिळी आहे असं समजू नका, वायू तिच्यात मुळात कमीच असतो. थोडा लोण्याचा वास येईल. एरवी लागरमध्ये हा वास दोष धरतात, या बिअरला मात्र तो शोभतो. अल्कोहोल साधारण 5 ते 7 टक्के असतं आणि गोडव्याखाली ते लपतं, तेव्हा पहिला मग सावकाश.

सोबतीला 'केप्ता दुओना': राईच्या काळ्या पावाच्या बोटभर पट्ट्या तेलात कुरकुरीत तळायच्या, गरम असतानाच कच्च्या लसणाची पाकळी घासायची, वर मीठ. जोडीला उकडलेले वाटाणे आणि त्यावर परतलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे. बिनमसाल्याची उसळच म्हणा ना. धुरावलेले डुकराचे कान सगळ्यांना झेपतील असं नाही, पण तिथे बिअरबरोबर ते शेंगदाण्यासारखे खातात.

तिथे गेलात तर बाटलीबंद मालाऐवजी सुटी बिअर विकणारं दुकान शोधा. पिंपाच्या तोटीतून प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण लावून देतात. तुमचं वय किमान 20 हवं, आणि रविवारी दुपारी 3 च्या आत पोचायला हवं. 2018 पासून त्यानंतर दुकानांत दारूविक्री बंद असते. ती बाटली सामानात ठेवून घरी आणायचा बेत करू नका. त्याच संध्याकाळी संपवा.