कळा आणल्या म्हणजे सिझर ठरलेलंच?

‘कळांचं इंजेक्शन दिलं की शेवटी सिझरच होतं’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. भीती समजण्यासारखी आहे, पण तुलना चुकते. ज्यांच्या कळा आणतात त्यांतल्या अनेकींना बीपी किंवा बाळाची कमी वाढ असते. सिझर त्यामुळेही होतं. खरी तुलना हवी ती कळा आपोआप येण्याची वाट पाहत राहणाऱ्यांशी. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पहिलटकरणींच्या ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, तेव्हा सिझर १८.६ टक्के झाली. वाट पाहणाऱ्यांत २२.२.

वेळ मात्र लागतो, आणि इथेच घरच्यांचा धीर सुटतो. पिशवीचं तोंड कच्चं असेल तर आधी जेल, गोळी किंवा फुग्याची नळी. जेल गरजेप्रमाणे सहा तासांनी पुन्हा. तोंड मऊ झालं की पाणी फोडून ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाचं सलाइन, थेंब हळूहळू वाढवत. कळा फार जवळजवळ आल्या तर बाळाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून ठोक्यांवर सतत लक्ष. पहिल्या खेपेला सगळं मिळून २४ तासांहून जास्तही लागतात.

डॉक्टरांना विचारा, ‘बिशप स्कोअर किती?’ म्हणजे पिशवीचं तोंड किती तयार आहे, याचे गुण. ८ किंवा जास्त म्हणजे तोंड तयार. ६ किंवा कमी असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. कळा आणण्याचं कारणही फाइलवर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.