फ्लॅशबॅक दिसला की लगेच ‘नॉन-लिनियर’?

जुना फिल्म न्वार (चाळीस-पन्नासच्या दशकातला काळाकुट्ट अमेरिकन गुन्हेपट) पाहिलेला माणूस हमखास सांगतो, ‘काय नॉन-लिनियर आहे राव!’ म्हणजे गोष्ट घडली त्या क्रमाने न सांगणारा. खोदून विचारलं तर काय, सुरुवातीला हिरो जखमी आणि मग फ्लॅशबॅक. पुस्तकी व्याख्येत तेही बसतं, मान्य. पण त्या हिशोबाने ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) आणि ‘द किलिंग’ (१९५६) एकाच माळेचे मणी ठरतात, आणि तिथे माझं डोकं फिरतं.

फ्लॅशबॅक काय असतो हे हिंदी सिनेमावर वाढलेल्यांना शिकवायला नको. दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ‘डबल इंडेम्निटी’त विमा एजंट नेफ खांद्यात गोळी घेऊन रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर (आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) खुनाची कबुली देऊ लागतो. पुढची गोष्ट सरळ चालते. मधूनमधून आपण घामेजलेल्या नेफकडे परततो. म्हणजे इथे एक ‘आत्ता’ आहे आणि आठवणारा माणूस आहे. सुरुवातीची काही मिनिटं उचलून शेवटी लावली तरी घटनाक्रम बिघडत नाही. हा माणूस आधीच संपलाय, ही धाकधूक तेवढी जाते. (न्वारचा जीव त्या धाकधुकीतच असतो, म्हणून लावू नका.)

‘द किलिंग’मध्ये कोणीच काही आठवत नाही. रेसकोर्सवरच्या दरोड्याचा एकच दिवस घेऊन दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक स्वतः घड्याळाचे काटे मागे फिरवतो. पैलवान मॉरिस पोलिसांचं लक्ष वळवायला बारपाशी मारामारी उकरून काढतो. ती संपते न संपते तोच आपण मागे जातो, पार्किंगमधून सातव्या रेसमधल्या घोड्यावर नेम धरणाऱ्या निकीकडे. मग पुन्हा मागे, दरोड्याचा म्होरक्या जॉनीकडे, आणि तीच मारामारी त्याच्या बाजूने. वेळा सांगणारा निवेदक आहे, पण तो गोष्टीतला कोणी नाही. परत यायला ‘आत्ता’च नाही. हे घड्याळाप्रमाणे लावायला बसलात तर एकाच वेळी तीन ठिकाणी चाललेल्या गोष्टींचे तुकडे आलटून पालटून दाखवावे लागतील. मग प्रत्येकाला आपापल्यापुरताच डाव माहीत आहे, ही सगळी गंमतच गेली.

एकच घटना प्रत्येक जण वेगळी सांगतो तो कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०) इथे ओढू नका. तिथे भांडण वेळेचं नाही, साक्षींचं आहे. आणि वेळ अशी मागेपुढे करण्याचा प्रकार टॅरँटिनोच्या ‘पल्प फिक्शन’ने १९९४ मध्ये शोधला म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

‘द किलिंग’ दीड तासाच्या आतच संपतो, तेवढा वेळ फोन लांब ठेवा. मारामारीच्या गोंधळात जॉनी दारातून आत सरकतो, तेव्हा मान खाली नको.