एकच व्याजदर, उलटे परिणाम

युरो हे सामायिक चलन आलं की स्पेन, ग्रीससारखे देश हळूहळू जर्मनीला गाठतील, अशी अपेक्षा होती. सुरुवातीला तसं दिसलंही, पण दरी वाढली ती याच तेजीच्या काळात.

जून २००३ ते डिसेंबर २००५ युरोपियन सेंट्रल बँकेचा मुख्य व्याजदर २ टक्के होता, सगळ्यांना सारखाच. जर्मनीत महागाई एक ते दोन टक्के, स्पेनमध्ये तीनच्या वर. व्याजातून महागाई वजा करा: जर्मनीत कर्ज शून्याच्या किंचित वर पडायचं, स्पेनमध्ये उणे एक टक्क्याने. म्हणजे जिथे आधीच तेजी, तिथेच पैसा फुकट! स्वतंत्र चलन असतं, तर माद्रिदने दर वाढवला असता. हा पैसा मुख्यतः घरबांधणीत गेला आणि मजुरी चढली.

नुसती मजुरी पाहून मात्र काही कळत नाही, नगामागचा खर्च पाहावा. समजा, दोन्हीकडे तासाला २० युरोत १० नग निघतात. नगामागे २ युरो. पुढे दोन्हीकडे ११ नग निघू लागले, पण एकीकडे मजुरी २२ झाली, दुसरीकडे २६. पहिल्याचा नग २ युरोलाच, दुसऱ्याचा २.३६ ला, म्हणजे १८ टक्के महाग. जर्मनीने हा खर्च जवळपास वाढूच दिला नाही. दक्षिणेत तो वर्षानुवर्षं चढत राहिला.

१९९२ मध्ये इटलीने आपलं तेव्हाचं चलन, लिरा, घसरू दिलं; माल परदेशात स्वस्त झाला आणि निर्यात सावरली. युरोत ती वाट बंद. उरते पगारकपात, आणि खरी गोची तिथेच आहे. १००० युरो पगारातून ३०० चा हप्ता जात असेल, तर पगार ८०० झाल्यावरही हप्ता ३००च. घरखर्च आटतो, दुकानं बसतात. २०१३ मध्ये ग्रीसमधली बेकारी २७ टक्क्यांवर गेली. अर्थव्यवस्था जवळपास पावपट आक्रसली. शिकलेले डॉक्टर जर्मनीला गेले. शिक्षणाचा खर्च ग्रीसचा, कर जर्मनीला.

महाराष्ट्र आणि बिहारचाही रुपया एकच. पण इथे केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतले ४१ टक्के राज्यांना मिळतात. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातले सुमारे १० टक्के बिहारला दिले, महाराष्ट्राला ६.३. युरोपीय संघाचं अख्खं बजेट सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यामुळे २०१० पासून ग्रीसला मिळालेली मदत मुख्यतः कर्जरूपातच होती, तीही पगार आणि पेन्शन कापण्याच्या अटींवर.