जर्नलच्या फायली पुसण्याआधी हे वाचा
(महापे, रबाळे आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या सर्व्हर-ग्राहकांसाठी)

सर्व्हर बंद पडला की फोनवर हमखास ऐकू येतं: "लॉगची फाईल करप्ट झालीये, उघडली तर नुसता कचरा दिसतोय." बहुतेक वेळा फाईल ठणठणीत असते. लिनक्सवर सिस्टमडी (मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) आल्यापासून मशीनचा मुख्य लॉग (काय काय घडलं याची नोंदवही), म्हणजे जर्नल, बायनरी स्वरूपात, म्हणजे थेट वाचता न येणाऱ्या रूपात, लिहिला जातो. तो विनएससीपीने (फायली कॉपी करायच्या प्रोग्रामने) विंडोजवर ओढून नोटपॅडमध्ये उघडला, तर सुरुवातीला एलपीकेएसएचएचआरएच ही आठ अक्षरं आणि पुढे चित्रविचित्र खुणा दिसणारच. नोटपॅडमध्ये चुकून सेव्ह केलंत, तर मात्र ती फाईल खरोखर बिघडते.

खरं नुकसान पुढे होतं. वीज गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर नीट शटडाऊन न होता पडला, तर जर्नलची चालू फाईल अर्धवट राहते. पुन्हा सुरू होताना सिस्टम ती बाजूला ठेवते, तिच्या नावाच्या शेवटी नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, लावते आणि नवी फाईल उघडते. एडिटरच्या बॅकअप फायलींनाही हीच खूण असते, म्हणून ती टाकाऊ समजून पुसली जाते. मशीन पडण्याआधीच्या नोंदी नेमक्या तिच्यातच असतात, आणि जर्नलसीटीएलला (जर्नल वाचायच्या कमांडला) त्या बहुतेक वेळा वाचताही येतात. ती गेली की डिस्क मरत होती, रॅम खराब होती की डेटाबेसने सगळी मेमरी खाल्ली, हे शोधायला सर्व्हर बंद ठेवून रात्रभर टेस्ट लावाव्या लागतात. अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं, आणि तेवढा वेळ तुमचं बिलिंग ठप्प. टिल्डवाल्या फायलींना कृपया हात लावू नका.

आम्हाला काय पाठवायचं, ते रॅकच्या दारावर आतून लावलेल्या पिवळ्या कार्डावर आहे. कमांड तिथे इंग्रजी अक्षरांत छापल्या आहेत, तशाच टाईप करा. आधी लिस्ट-बूट्स चालवा. मशीन केव्हा केव्हा सुरू झालं याची यादी येते: शून्य म्हणजे आत्ताचं बूट, उणे एक म्हणजे त्याच्या आधीचं. बिघाड रीस्टार्टपूर्वीचा असेल तर उणे एकच हवं. शून्य पाठवलंत तर मशीन सुखरूप सुरू झाल्याच्या नोंदी तेवढ्या आमच्या हाती पडतात. मग सिन्स (कधीपासून) आणि अंटिल (कधीपर्यंत) लावून बिघाडाच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची दहा मिनिटं निवडा, आउटपुट शॉर्ट-आयएसओ (सालासकट तारीख-वेळ) ठेवा आणि टेक्स्ट फाईलमध्ये उतरवून झिप पाठवा. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा शब्द) विसरलात तर साध्या युजरला बहुधा स्वतःच्याच नोंदी दिसतात. स्क्रीनशॉट नकोत, लांब ओळी उजवीकडे कापल्या जातात आणि एररचा उपयोगी भाग बहुधा तिथेच असतो.

डिस्क भरली म्हणून जर्नल आरएमने (फाईल पुसायच्या कमांडने) उडवू नका. चालू फाईल प्रोसेसने उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. आधी रोटेट (चालू फाईल बंद करून नवी उघडणं), मग व्हॅक्यूम-साइझ (जुन्या फायली ठरावीक आकारापर्यंत कमी करणं). एरवी जर्नल स्वतःहून पार्टिशनच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यांतलं जे कमी असेल तिथे थांबतो.

"मग सरळ टेक्स्टच का ठेवत नाही?" असं विचारलं जातं. आम्ही दोन्ही ठेवतो, आणि ते विचारपूर्वक. जर्नलमध्ये प्रत्येक नोंदीबरोबर प्रोसेस, युजर, सर्व्हिस आणि बूट यांची माहिती सिस्टम स्वतः जोडते, नोंद पाठवणाऱ्या प्रोग्रामला ती खोटी भरता येत नाही. एकाच सर्व्हिसच्या नोंदी झटकन वेगळ्या काढता येतात. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगच्या (टेक्स्ट लॉगच्या) ओळीत तर सालही नसतं. पण टेक्स्ट फाईल अर्धी खराब झाली तरी उरलेली कुठल्याही मशीनवर वाचता येते, ग्रेप (शब्द शोधायची कमांड) चालतो. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग (टेक्स्ट लॉग लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम बसवतो. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर जर्नल मुळात मेमरीतच असतो आणि रीस्टार्टला पुसला जातो. तिथे डिस्कवरचं जर्नल फोल्डर आम्ही इन्स्टॉलेशनच्या दिवशीच बनवतो. लॉगिनच्या नोंदींची डब्ल्यूटीएमपी फाईल युनिक्सवर फार पूर्वीपासून बायनरीच आहे आणि लास्ट कमांडने वाचली जाते, तेव्हा बायनरी लॉग ही काही नवी भानगड नाही.

एक गोष्ट दोन्हींनी सुटत नाही. जर्नल साधारण दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्का उतरवला जातो (क्रिटिकल आणि त्यावरच्या नोंदी लगेच), त्यामुळे वीज अचानक गेली तर शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. यासाठी टेक्स्ट लॉग त्याच क्षणी नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तेही याच मशीनवर कॉम्प्रेस होऊन राहतात. त्यासाठी वेगळ्या यूपीएसवरचा एक जुना पीसी पुरतो. डिस्क तेवढी नवी घालू. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) ग्राहकांना ही जोडणी करून देतो, वेगळा व्हिजिट चार्ज नाही. पुढच्या भेटीआधी फक्त पीसी कुठे ठेवायचा ते ठरवून ठेवा.