होह खोऱ्यातलं रेनफॉरेस्ट : हवामान आणि झाडोरा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक पेनिन्सुला आहे, तीन बाजूंनी पाणी आणि मधोमध डोंगर, त्या डोंगरांच्या पश्चिम अंगाला होह नदीच्या खोऱ्यात हे जंगल पसरलंय. रेनफॉरेस्ट म्हटलं की आपल्याला ॲमेझॉन आणि घामाच्या धारा आठवतात, पण इथे भरते ती हुडहुडी. असली थंड हवेतली वर्षावनं जगात मोजकीच, चिली, न्यूझीलंड अशा ठिकाणी.

पाऊस वर्षाला साधारण 3,500 मिमी. आकडा ऐकून कोकणातला माणूस म्हणेल यात काय एवढं, आणि महाबळेश्वर तर याच्या बरंच पुढे आहे. पण आपल्याकडे चार महिन्यांत सगळं उरकतं, इथे ऑक्टोबरला जी रिपरिप सुरू होते ती पार वसंतापर्यंत चालते, उन्हाळा मात्र त्यामानाने कोरडा, तेव्हा समुद्रावरून आलेल्या धुक्यावर झाडं भागवतात. समुद्र जवळ असल्यामुळे खोऱ्यात कडाक्याची थंडी फारशी पडत नाही आणि उन्हाळ्यातही पारा 27 अंशांवर क्वचितच जातो. पॅसिफिकवरचे ढग 2,432 मीटर उंच माउंट ऑलिंपसच्या रांगेला अडतात आणि अलीकडच्या अंगालाच मोकळे होतात, त्यामुळे पलीकडच्या सिक्विम गावाला जेमतेम 400 मिमी मिळतो आणि तिथली शेती पाटाच्या पाण्यावर चालते. घाटमाथा आणि माण-खटाव, तोच प्रकार.

मुख्य झाडं सिटका स्प्रूस आणि वेस्टर्न हेमलॉक, जोडीला डग्लस फर, रेड सीडर आणि पानझडीतला बिगलीफ मेपल. स्प्रूस 80-90 मीटरपर्यंत जातो. पण माझ्या मते इथली खरी गंमत उभ्या झाडांपेक्षा आडव्या झाडांत आहे. जमिनीवर मॉस (मखमली शेवाळ) आणि नेच्यांची इतकी दाटी की बी पडलं तरी रोपाला डोकं वर काढायला जागाच नाही, मग रुजायचं कुठे तर पडलेल्या ओंडक्यावर, तो उंचावर असतो आणि कुजत आलेलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. याला नर्स लॉग म्हणतात. एकेका ओंडक्यावर रोपांची झुंबड उडते, त्यातली थोडीच जगतात, ती ओंडक्याच्या दोन्ही अंगांनी मुळं खाली सोडून जमीन गाठतात, आणि पुढे ओंडका कुजून संपला की उरते एका सरळ रेषेत उभी झाडांची रांग, जणू कुणी दोरी धरून लावलीत, आणि बुंध्याखाली माणूस वाकून जाईल एवढी पोकळी.

मेपलच्या फांद्यांवरून मॉसच्या जाड झालरी लोंबतात. हे शोभेचं वाटतं, पण मूळच्या भारतीय वडिलांची लेक असलेल्या जंगलांच्या अभ्यासक नलिनी नाडकर्णी दोर लावून वर चढल्या तेव्हा दिसलं की मॉसच्या थराखाली चक्क माती साठते आणि मेपल स्वतःच्या फांद्यांतूनच त्या मातीत मुळं घालतो. 1981 मध्ये हे ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात छापून आलं, तेव्हा त्या अजून विद्यार्थिनीच होत्या.

खालची झुडपं रूझवेल्ट एल्क नावाची मोठी हरणं चरून आटोक्यात ठेवतात. त्यांची शिकार थांबावी म्हणूनच 1909 मध्ये थिओडोर रूझवेल्टनी इथे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, 1938 मध्ये त्याचं नॅशनल पार्क झालं. त्याआधी पहिल्या महायुद्धात विमानांसाठी या भागातला स्प्रूस धडाधड तोडला गेला, हलकं आणि चिवट लाकूड, त्यासाठी सैन्याची वेगळी तुकडीच होती. स्थानिक होह आणि क्विल्यूट लोक त्याच्याही कितीतरी आधीपासून सीडरच्या होड्या कोरत आणि सालीचे कपडे विणत आलेत.

एवढ्या ओल्या जंगलाला आग लागते यावर विश्वास बसत नाही, पण 2015 मध्ये बर्फ फारच कमी पडलं होतं, शेजारच्या क्वीट्स खोऱ्यात वीज पडून वणवा लागला आणि सुमारे 2,800 एकर जळालं. झाडांवरच्या वाळलेल्या लायकेनच्या (दगडफुलाच्या) जटा पेटून आग थेट शेंड्यापर्यंत चढत होती.