चिकन सँडविच आणि पेपरोनी: एक जेवण, दुसरं वाळवण

आमचा पुतण्या सहा महिन्यांपासून जिमला जातोय. तेव्हापासून घरात कुठल्याही पदार्थाला चव नसते, प्रोटीन असतं. रोज सकाळी वहिनी त्याला डब्यात चिकन सँडविच देते. गेल्या महिन्यात एका रविवारी हा पठ्ठ्या कोल्ड स्टोरेजवाल्याकडून, पिझ्झ्यावर घालतात त्या पेपरोनीचं पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "उद्यापासून सँडविच नको. ह्याचे दहा-बारा काप तोंडात टाकले की झालं. पेपरोनी पण चिकनच की ओ काका. प्रोटीन तेवढंच!"

वहिनी म्हणाली, "अरे, मला तर ती मिरची वाटायची."

दोघांचंही चुकलं होतं, पण वहिनीचं जरा कमी. इटालियन भाषेत 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळ्या मिरच्याच. इटलीत जाऊन त्या नावाचा पिझ्झा मागितला तर वर मिरचीचे तुकडे येतात, मांस नाही. मांसाची पेपरोनी हे अमेरिकेत जाऊन राहिलेल्या इटालियन लोकांनी तिकडे रुळवलेलं सॉसेज. मूळ कृतीत डुकराचं मांस आणि गोमांस असतं, आणि लाल रंग येतो तो पाप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीच्या पुडीमुळे. आपल्याकडच्या पिझ्झाच्या दुकानांत बऱ्याचदा तोच पदार्थ कोंबडीच्या मांसाचा करून देतात. पुतण्याचं 'चिकनच की ओ' आलं ते तिथून.

पाकीट उलटं केलं. घटकांच्या यादीत पहिलंच नाव पोर्क. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या बाजूला मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण असतो, पण तो फक्त मांसाहारी एवढंच सांगतो, कोणाचं मांस ते सांगत नाही. ज्यांच्या घरात एखादं मांस चालत नाही, त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पेपरोनी घेऊच नये. वहिनीने काही न बोलता जुना, बाजूला ठेवलेला तवा काढून माझ्यापुढे सरकवला.

आता ही पेपरोनी बनते कशी ते आधी बघू, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. मांस आणि चरबी बारीक करायची. त्यात मीठ, मिरचीपूड, लसूण, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट घालायचं. शिवाय विरजणासारखे जिवाणू सोडायचे. ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून पेपरोनीला ती किंचित आंबूस चव. मग नळीत भरून टांगायचं आणि वाळू द्यायचं. म्हणजे दह्यातल्या सांडग्या मिरचीचीच रीत झाली की! मिरचीला चीर द्यायची, मीठ लावायचं, दह्यात मुरवायची आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकायची. (सोलापूरच्या उन्हाचा एवढा एक उपयोग आहे.) पाणी उडून गेलं की मागे जे राहतं ते दाट होतं. मिरचीत तिखट आणि मीठ दाट होतं, पेपरोनीत चरबी आणि मीठ. सांडगी मिरची पोट भरायला कोणी खातं का? खिचडीबरोबर एक, फार तर दोन.

तर स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आला.

आधी सँडविच उघडून एकेक वस्तू मोजली. ब्रेडचे दोन स्लाइस ५० ग्रॅम. उकडून हाताने तोडलेलं, बिनकातड्याचं छातीचं मांस ६० ग्रॅम. लोणी लहान चमचाभर, ५ ग्रॅम. काकडी-कांदा-टोमॅटो मिळून ४० ग्रॅम. सगळं सँडविच १५५ ग्रॅमचं. शिजलेल्या छातीच्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे ३१ ग्रॅम प्रोटीन, साडेतीन ग्रॅम चरबी आणि १६५ कॅलरी असतात. त्या हिशेबाने आमच्या ६० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रोटीन आलं. ब्रेडने आणखी चार ग्रॅमची भर घातली. लोण्यासकट अख्ख्या सँडविचच्या कॅलरी २८० च्या आसपास, प्रोटीन २२ ग्रॅम, चरबी सात-आठ ग्रॅम. वरून भुरभुरवलेलं मीठ धरून सोडियम ५०० मिलिग्रॅमच्या घरात जातं. त्यातलं निम्मं एकट्या ब्रेडचं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गोडसर लागणाऱ्या ब्रेडमध्येही मीठ असतंच.

जाता जाता एक. जिमवाली पोरं कच्चं मांस मोजतात आणि आकडे शिजलेल्याचे लावतात. १०० ग्रॅम कच्चं मांस शिजून साधारण ७५ ग्रॅम उरतं, तेव्हा हिशेब तिथेच एक तृतीयांशाने फुगतो.

मग पेपरोनी. एक काप जेमतेम दोन ग्रॅमचा, इतका पातळ की धरून खिडकीकडे केला तर उजेड दिसतो. दहा काप म्हणजे २० ग्रॅम. पेपरोनीत १०० ग्रॅममागे साधारण ५०० कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन, ४४ ग्रॅम चरबी आणि १,६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे पुतण्याच्या 'दहा-बारा कापां'तून मिळणार चार-पाच ग्रॅम प्रोटीन. सँडविचमधून मिळतं त्याच्या पाव हिश्शालाही ते पुरत नाही.

"मग जास्त खाईन की," तो म्हणाला.

किती जास्त? सँडविचएवढं २२ ग्रॅम प्रोटीन हवं तर ११० ग्रॅम पेपरोनी खावी लागेल. पंचावन्न काप! त्याबरोबर ५५० कॅलरी आणि ४८ ग्रॅम चरबी पोटात जाणार. सोडियम होतं १,७५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. सकाळच्या नाश्त्यालाच दिवसाचं मीठ संपलं, आता दुपारची आमटी अळणी खा.

खरं सांगायचं तर पोराची चूक मला कळते. पाकिटावर आकडा असतो १०० ग्रॅमचा. तिथे पेपरोनीपुढे २० ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं. आमचं सँडविच त्याच मापाने मोजलं तर १०० ग्रॅममागे चौदा-साडेचौदाच भरतं, कारण त्यात काकडीचं पाणी आहे, ब्रेड आहे. कागदावर पेपरोनी जिंकली! पण सँडविच हे ताट आहे आणि पेपरोनी हे ताटाच्या डाव्या बाजूचं काहीतरी. ताट आणि तोंडीलावणं एका मापात घातलं की असंच होतं. त्यापेक्षा १०० कॅलरी खर्चून प्रोटीन किती पदरात पडतं ते बघावं. पेपरोनीत चार ग्रॅम, आमच्या सँडविचमध्ये आठ, नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये जवळपास एकोणीस.

वहिनीच्या तव्यावर दहा काप टाकले. अर्ध्या मिनिटात कडा वर वळल्या, प्रत्येक कापाची छोटी वाटी झाली आणि वाटीत शेंदरी तेल साठलं. वरून एक थेंबही तेल घातलेलं नव्हतं. काप कागदावर काढले तर कागद पलीकडून पारदर्शक झाला. चव मात्र झकास, खोटं का बोला. तिखट, खारट, आंबट आणि कुरकुरीत एका घासात म्हटल्यावर हात पुन्हा पुन्हा जाणारच.

इथे वहिनीने बिनतोड प्रश्न काढला. "मग आपली शेंगाचटणी? तीही तेलकटच की. ती खाऊ नये का?" सोलापुरात हा प्रश्न हलक्यात घेऊन चालत नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे ५६७ कॅलरी आणि ४९ ग्रॅम चरबी, म्हणजे पेपरोनीपेक्षाही जास्त. प्रोटीनही २५ ग्रॅम. फरक आहे तो चरबीच्या जातीचा. शेंगदाण्यातल्या ४९ ग्रॅमपैकी संपृक्त चरबी, म्हणजे हृदयाला जड जाणारी, सातच्या आत असते. पेपरोनीत ती १६-१७ ग्रॅम. शिवाय दाण्यात चोथा असतो, पेपरोनीत नावालाही नाही. मीठ चटणी कुटणाऱ्याच्या हातात असतं. आणि कडक भाकरीबरोबर चटणी आपण खातो एक-दोन चमचे. वाटीभर कोणी खात असेल तर त्याला मात्र हेच पुराण ऐकवावं लागेल.

मीठ-चरबीपलीकडची गोष्ट नायट्राइटची. पाकिटावर आयएनएस २५० असा आकडा दिसला तर तेच सोडियम नायट्राइट. ते उगाच घालत नाहीत. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंना ते रोखतं आणि मांसाचा गुलाबी-लाल रंग टिकवतं. पण पोटात त्यापासून नायट्रोसो नावाची संयुगं बनू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच गटात तंबाखूही आहे, त्यामुळे 'पेपरोनी म्हणजे सिगारेट' असे फॉरवर्ड फिरतात. ते चूक. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा आहे ते नव्हे. पिझ्झ्याच्या एका तुकड्यावर सहा-सात काप असतात, म्हणजे १२ ते १४ ग्रॅम. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वाढदिवसाला ते खाल्ले तर घाबरायचं काही कारण नाही. पंचावन्न काप रोज, हा बेत वेगळा.

आणि हो, पेपरोनीच्या बाजूने एक-दोन गोष्टी आहेत. बी-१२ आणि लोह ह्या बाबतीत ती कोंबडीच्या छातीच्या मांसापेक्षा सरस. पण त्यासाठी अंडं, दूध, मासे आहेत.

सँडविचवाल्यांनी फार खूश होऊ नये. वरचे सगळे आकडे घरच्या सँडविचचे. बाहेर 'चिकन सँडविच' ह्या दोन शब्दांखाली काहीही विकतात. मी स्वतः एकदा स्टेशनजवळच्या एका बेकरीत चिकन सँडविच मागितलं, तर आत गुलाबी, गोल, कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या चकत्या. चिकन सलामी! ती पेपरोनीची मावसबहीण. नायट्राइट तेच आणि मिठाचीही तीच तऱ्हा, फक्त वाळवलेली नसल्यामुळे चरबी कमी दाट.  तळलेली पॅटी असली तर तिच्या आवरणात तेल मुरलेलं असतं. आणि मेयोनीज: साध्या मेयोनीजचे दोन मोठे चमचे म्हणजे १९० कॅलरी आणि २० ग्रॅम चरबी. आमच्या २८० च्या सँडविचवर ते थापलं की ४७० झाले, प्रोटीन जिथल्या तिथे. त्यामुळे बाहेर विचारायचा प्रश्न एकच: आत मांसाचा तुकडा आहे की चकती? बोटांनी तोडल्यावर धागे सुटले तर मांस.

कोंबडीची पेपरोनी असेल तर हिशेब थोडा सुधारतो, कारण चरबी साधारणपणे कमी असते. मीठ आणि नायट्राइट बहुधा तिथेच राहतं. पाकीट उलटं करून सोडियमची ओळ वाचायची, बाकी सगळं पुढच्या बाजूचं चित्र.

ते पाकीट आता फ्रीजरमध्ये आहे. रविवारी ऑम्लेटवर चार-चार काप पडतात, त्या दिवशी अंड्यात मीठ घालत नाही. डब्यात सँडविचच जातं, फक्त लोण्याऐवजी वहिनी घट्ट दह्यात शेंगाचटणी कालवून लावते. जिममधल्या दोन मित्रांना ते आवडल्यामुळे पुतण्याच्या वाट्याला हल्ली अर्धंच येतं, म्हणजे ११ ग्रॅम.